नव्या कोयत्याची ओळख

(बी. ए., द्वितीय वर्ष)

कोयता ही वस्तू आपल्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतील कितीतरी गावांतून दिवाळीच्या पुढेमागे ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला जातात. त्यांच्या सामानात पांघरुणे, भांडी, ज्वारीचे पोते यांच्याबरोबर गोणपाटात गुंडाळलेले कोयते असतातच. पण रोज डोळ्यांपुढे असणारी वस्तू आपण नीट पाहत नाही. इतिहासाच्या पुस्तकात तलवारीची आणि दांडपट्ट्याची चित्रे असतात, विज्ञानाच्या पुस्तकात तरफेचे उदाहरण म्हणून अडकित्ता असतो. कोयता मला कोणत्याच पुस्तकात भेटला नाही.

यंदा खंडेनवमीच्या आधी आमच्या घरी एक नवा कोयता आला. कंपासमधल्या पट्टीने तो मोजला, किराणा दुकानातल्या काट्यावर त्याचे वजन केले, लोहाराला आणि आई-अण्णांना प्रश्न विचारले, ग्रंथालयातली धातूंवरची पुस्तके चाळली. त्यातून जी माहिती हाती आली ती प्रस्तुत लेखात मांडली आहे. कोयता हे एका अवजाराचे नाव आहे, तसेच आपल्याकडे ते माणसे मोजण्याचे मापही आहे. म्हणून लेखाचा शेवटचा भाग त्या मापाविषयी आहे.

घडण

धारेची अवजारे त्यांच्या कामावरून ओळखता येतात. खुरपे मातीत चालते. विळा ओढून कापतो. गहू किंवा सोयाबीन कापताना डाव्या हाताने मूठभर ताटे धरायची आणि उजव्या हाताने विळा आपल्याकडे ओढायचा. म्हणून त्याचे पाते पातळ आणि चांगले वाकलेले असते. कुऱ्हाड घाव घालून तोडते. तिचे सारे वजन लांब दांड्याच्या टोकाला असते. कोयता या दोघांच्या मधला आहे. त्याने घावच घालायचा असतो, पण एका हाताने, कमरेत वाकून, आणि दुसऱ्या हातात ऊस धरलेला असताना. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की त्याची सारी घडण उलगडत जाते.

आमच्या नव्या कोयत्याचे पाते मुठीपासून टोकापर्यंत ११ इंच आहे. मुठीजवळ त्याची रुंदी दोन इंचांहून थोडी कमी आहे. पोटाशी ती तीन इंचांच्या जवळ जाते. टोक आतल्या बाजूला वळलेले आहे, त्यामुळे घाव बसताना ऊस पात्यावरून पुढे निसटत नाही. पाठ मुठीजवळ ५ मिलिमीटर जाड असून टोकाकडे ३ मिलिमीटरपर्यंत उतरत जाते. मूठ बाभळीची, पाच इंचांची. एकूण वजन ६२० ग्रॅम भरले.

पाते एका बोटावर आडवे तोलून पाहिले, तर ते मुठीच्या चार बोटे पुढे तोलले जाते. म्हणजे वजनाचा मोठा वाटा हाताच्या पुढे आहे. घाव घालताना हाताने फक्त दिशा द्यायची आणि पुढचे काम पात्याच्या वजनाने करायचे, अशी ही योजना आहे. वजन मुठीकडे असते तर प्रत्येक घावाला मनगटाचा जोर लावावा लागला असता. आणि ते फार पुढे असते तर तासाभरात दंड भरून आला असता. लोहाराने याहून जड कोयताही दाखविला होता. आईने तो दोन-तीन वेळा हवेत फिरवून परत ठेवला आणि म्हणाली, "दादा, ह्यो दुपारनंतर उचलायचा नाही." तिच्या या एका वाक्यात तोलाचे सारे शास्त्र आले.

बाजारात दुमडते चाकूही मिळतात. त्यांचे पाते एका लहानशा खिळ्यावर फिरते. फळ चिरायला किंवा दोरी कापायला तेवढे पुरते. परंतु घाव घालायचा म्हटला की प्रत्येक घावाचा धक्का त्या खिळ्याला बसतो आणि तो ढिला होतो. म्हणून ज्या पात्याने तोडायचे ते पाते स्थिरच असावे लागते. कोयत्याच्या पात्याचीच एक निमुळती शेपटी मुठीच्या आत गेलेली असते. लोहार ती तापवून लाल करतो आणि लाकडात ठोकतो. ती लाकूड जाळत आपली जागा आपणच करून घेते. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे चढविलेले असते, त्यामुळे लाकूड चिरत नाही. पाहिले तर हे कडे म्हणजे बोटभर पट्टी. पण ते निघाले की मूठ फुटते, आणि फुटक्या मुठीतून सुटलेले पाते शेजारी तोडणाऱ्याच्या अंगावर जाऊ शकते.

पोलाद

हा कोयता ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून केलेला आहे. आपल्याकडचे बहुतेक चांगले कोयते असेच होतात. येथे कुणीही विचारील, की जालना हे लोखंडाचे शहर आहे, तेथे भंगार वितळवून बांधकामाच्या सळया करणारे कारखाने आहेत. मग त्या लोखंडाचा कोयता का करीत नाहीत?

याचे उत्तर कार्बनमध्ये आहे. शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात थोडासा कार्बन मिसळला म्हणजे त्याचे पोलाद होते, आणि हा कार्बन किती आहे यावर त्या पोलादाचा स्वभाव ठरतो. बांधकामाच्या सळईत तो साधारण पाव टक्का असतो. सळईला वाकता आले पाहिजे, भूकंपात तिने ताण सोसला पाहिजे. तिला धार लावायची नसते. गाडीच्या कमानीच्या पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. पाटा दाबला तरी मूळ आकारावर परत येतो, तो या कार्बनमुळे आणि त्यावर केलेल्या उष्णतेच्या संस्कारामुळे. हेच पोलाद तापवून पाण्यात बुडविले की धार धरण्याइतके कठीण होते. सळईचे लोखंड तापवून कितीही वेळा बुडविले तरी कोयत्याची धार टिकेल इतके कठीण होत नाही. म्हणजे पाव टक्का आणि अर्धा टक्का यांच्यात सळई आणि कोयता एवढे अंतर आहे.

आपल्या मराठवाड्यापुरती या विषयाला एक जुनी कडी आहे. १९४८ पर्यंत आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो, त्याच संस्थानात, आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मातीच्या बंद मुशीत लोखंड व वनस्पतीचे अंश एकत्र तापवून पोलाद करीत. त्यात कार्बन एक टक्क्याहून अधिक असे. इराणी व्यापारी ते घेण्यासाठी येथवर येत, आणि अशा दक्षिणी पोलादाच्या तलवारी पश्चिम आशियात नावाजल्या गेल्या. युरोपीय लोक त्याला 'वुट्झ' म्हणत. विजेच्या शोधांसाठी आपण ज्याला ओळखतो त्या मायकेल फॅरडेने १८१९ साली या पोलादाचे पृथक्करण केले होते. आमचा कोयता त्या पोलादाचा नाही, हे उघड आहे. परंतु पुस्तकात ज्याला धातुशास्त्र म्हणतात ते मुशीजवळ बसणाऱ्या, शाळेत न गेलेल्या माणसांच्या हातांत होते, एवढे यावरून कळते.

पाणी

पोलाद चांगले असले तरी त्याला पाणी नीट दिलेले नसेल तर कोयता वाया जातो. 'पाणी देणे' हा शब्द आपण माणसाबद्दलही वापरतो. अमका पाणीदार आहे, तमक्याचे पाणी उतरले. तो शब्द लोहाराच्या कोंढाळ्याजवळून आलेला आहे.

मी पाहिले ते असे. रस्त्याच्या कडेला घिसाडी लोहाराचा एक बिऱ्हाडवजा मुक्काम होता. कोळशाच्या भट्टीला हाताने फिरवायचा पंखा लावलेला होता. पाटा लाल झाला की लोहार तो सांडशीने ऐरणीवर धरी आणि त्याची बायको समोर उभी राहून घण मारी. लोहार हातातल्या लहान हातोडीने ज्या जागी ठोकी, नेमका तेथेच तिचा घण पडे. एकही शब्द न बोलता हे चालले होते. पाते आकाराला आल्यावर कानशीने त्याची धार काढली, आणि मग पाणी देण्याची पाळी आली.

पाते तापून नारिंगी-लाल झाले, की त्याच्या आतील कणांची रचना बदलते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते. त्याच्या थोडे वर गेले की ते पाणी घेण्यास तयार झाले असे समजावे. लोहाराजवळ तापमापक नसतो. तो रंग पाहतो, आणि रंग नीट दिसावा म्हणून भट्टीवर सावली करतो. मग फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवितो. सावकाश निवू दिले तर कार्बन आपल्या जागी परत जातो आणि पोलाद मऊ राहते. एकाएकी थंड केले तर कार्बन आहे तेथेच अडकून बसतो आणि पोलाद अतिशय कठीण होते. या कठीण रचनेला जर्मन शास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट असे म्हणतात.

परंतु एवढ्यावर थांबले तर ती धार काचेसारखी होईल. पहिल्या खड्यावर तिचा तुकडा उडेल. म्हणून लोहार पाते पाण्यातून लवकर बाहेर काढतो. पाठीत उष्णता शिल्लक असतेच. ती हळूहळू धारेकडे सरकू लागते. घासून चकचकीत केलेल्या जागेवर रंग उमटतात: आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा म्हणजे साधारण २२० ते २३० अंश, निळा म्हणजे ३०० अंशांच्या आसपास. पिवळ्यावर थांबविले तर धार कठीण पण ठिसूळ. निळ्यावर गेली तर चिवट पण मऊ. लोहाराने तपकिरी रंग जांभळ्याकडे झुकताना पाते पुन्हा पाण्यात घातले. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "ऊस मऊ असतो ताई, पण बुडाला खडा असतो." घावाचा माल एक आणि अडथळा दुसरा, दोघांचा मेळ बसेल असे पाणी त्याने दिले.

अशा रीतीने धार कठीण आणि पाठ चिवट असा कोयता तयार होतो. धार ऊस तोडते आणि पाठ धक्का सोसते. एकाच पात्यात दोन स्वभाव असावे लागतात, आणि धारेचे कौतुक होते तेव्हा पाठीकडे कुणाचे लक्ष जात नाही.

पारख

नवा कोयता घेताना जाणती माणसे काय पाहतात, ते मी विचारून टिपून ठेवले. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी येथे देते.

चकाकीवर जाऊ नये. यंत्राच्या चाकावर घासले की कोणतेही लोखंड चमकते. उलट चाकावर घासताना धार निळसर पडलेली दिसली, तर ती तेथे तापून मऊ झाली आहे असे समजावे आणि तो कोयता घेऊ नये.

मूठ सैल धरून पात्यावर नखाने टिचकी मारावी. आवाज खणखणीत आणि थोडा वेळ रेंगाळणारा हवा. आवाज भद्द आला तर कोठेतरी चीर असण्याचा संभव असतो. चीर बहुधा मुठीजवळच्या मानेत किंवा धारेला आडवी असते. पाते उजेडात तिरपे धरून ती शोधावी.

एक डोळा मिटून पाठीवरून टोकापर्यंत नजर टाकावी. पाते पिळलेले असेल तर घाव तिरका जातो.

धारेवर कानस हलकेच फिरवावी. ती घसरत घसरत, कष्टाने चालली पाहिजे. हीच कानस पाठीवर सहज रुतली पाहिजे. दोन्हीकडे सारखीच रुतली तर पाणी दिलेले नाही, आणि दोन्हीकडे घसरली तर पाठही कठीण झाली आहे; असा कोयता मोडतो.

घरी आणल्यावर मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळतात. घामाने लाकूड निसटते, रबर निसटत नाही, आणि हाताला बसणारे हादरेही कमी होतात. लोहार शेवटची धार लावून देत नाही. ती ज्याची त्याने लावायची असते. आधी कानस, मग धारेचा दगड. विळ्यासारखी फार पातळ धार काढली तर ती फडात पहिल्याच दिवशी वळते, म्हणून ती थोडी जाडसर, पोटाला किंचित फुगीर ठेवतात. खंडेनवमीला त्याला हळद-कुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले आणि तेल पुसून ठेवून दिले.

अण्णांचा कोयता चार हंगाम झालेला आहे. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा दिसले, की त्याचे पाते घासून घासून नव्याच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक रुंद उरले आहे. उरलेले पोलाद चार वर्षांत कानशीच्या भुग्यातून गेले.

फड

कोयत्याची खरी परीक्षा फडात होते. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की उसाची गोडी बुडाकडे अधिक असते. वीतभर बुडखा ठेवला तर शेतकऱ्याचे वजनही जाते आणि साखरही जाते. दुसरे कारण खोडव्याचे. तोडलेल्या बुडख्यातूनच पुढचे पीक फुटते. घाव खाली आणि स्वच्छ बसला तर जमिनीखालचे डोळे जोमाने फुटतात. घाव वर बसला किंवा बोथट कोयत्याने बुडखा चिरफळला, तर वरचे अशक्त डोळे फुटतात आणि चिरेतून रोग शिरतो. म्हणजे पुढच्या वर्षीचे पीक यंदाच्या धारेवर अवलंबून असते.

पण जमिनीलगत तोडायचे म्हणजे धार मातीला आणि खड्यांना लागणारच. त्यातच उसाच्या, ज्वारीच्या, गवताच्या पानांत वाळूच्याच जातीचे सिलिकाचे बारीक कण असतात. उसाच्या पात्याने हात कापतो तो त्या कणांमुळे, आणि पोलादही त्यांनीच झिजते. म्हणून दिवसातून अनेकदा कानस फिरवावी लागते.

बुडाला एक घाव, मग पाचट झाडायचे, मग शेंड्याला एक घाव घालून वाढे वेगळे करायचे, मग मोळी बांधायची, आणि गाडी आली की मोळी डोक्यावरून वाहून भरायची. नवरा-बायको मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. एक ऊस सुमारे एक ते दीड किलोचा धरला तर दोन टन म्हणजे दीड-दोन हजार ऊस होतात. प्रत्येकाला कमीत कमी दोन घाव धरले तर दिवसाचे तीन-चार हजार घाव झाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत हे चालते. ६२० ग्रॅम आणि त्याहून जड यांतला फरक आईला दोन वेळा फिरवूनच का कळला, ते हा हिशेब मांडल्यावर माझ्या ध्यानात आले.

माप

आता त्या दुसऱ्या अर्थाकडे वळते. ऊसतोडीच्या व्यवहारात 'एक कोयता' म्हणजे एक पाते नव्हे, एक माणूसही नव्हे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी एक जोडी. मुकादम कारखान्याशी करार करतो तो इतक्या इतक्या कोयत्यांचा. हंगामाआधी जी आगाऊ रक्कम देतात तिला उचल म्हणतात. तीही कोयत्यामागे ठरते. एकटा माणूस निघाला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. मजुरी टनावर असते, आणि ती उचलीतून वळती होते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. याच व्यवहारात तोडणीच्या टोळ्यांना 'डोकी सेंटर', 'टायर सेंटर', 'गाडी सेंटर' अशी नावे आहेत. डोक्यावरून मोळी वाहणारे डोकी, टायरच्या बैलगाडीवाले टायर. माणसाचे नाव त्यांत कोठेच येत नाही.

महाराष्ट्रातला सहकारी साखर कारखाना प्रथम प्रवरानगरला १९५० साली उभा राहिला. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढले, आणि बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा कोरडवाहू भागांतली माणसे तोडणीला जाऊ लागली. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुंद केली. इतक्या वर्षांत संप झाले, दर वाढले. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. परंतु दर टनाला मिळतो आणि मोजणी कोयत्याला होते, हे तसेच राहिले.

आमच्या घरात कोयते दोन आहेत. हिशेबात मात्र एकच आहे. खंडेनवमीला दोन्ही पाटावर मांडले तेव्हा ही गोष्ट मला जितकी स्पष्ट दिसली, तितकी कोणत्याही पुस्तकात दिसली नव्हती. उचलीच्या कागदावर सही अण्णांची असते. आई बुडाला घाव घालते, पाचट झाडते, मोळी बांधते, डोक्यावर वाहते. त्याआधी पहाटे भाकरी करते आणि रात्री पुन्हा चूल पेटविते. पण तिचा आकडा वेगळा कोठे लिहिला जात नाही. ती आजारी पडली तर मात्र लगेच मोजली जाते, कारण मग कोयता बंद पडतो आणि खाडा धरून पैसे कापले जातात. माझ्या प्रवेशाचा अर्ज भरून देणाऱ्याने आईच्या व्यवसायासमोर न विचारताच 'गृहिणी' असे लिहिले होते. मी ते खोडायला लावून 'ऊसतोड कामगार' असे लिहून घेतले.

या मापाचा दुसरा परिणाम आम्हा मुलींवर होतो. अर्ध्या कोयत्याला उचल निम्मी मिळते; लग्न झाले की कोयता पूर्ण होतो. मुलीला एकटीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचे, ही आई-बापांची काळजीही खरीच असते. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे, हे सर्वांना माहीत आहे. तरीही माझ्याबरोबर दहावीला बसलेल्या मुलींपैकी काही जणी आज कोणाच्या तरी कोयत्याचा अर्धा भाग झालेल्या आहेत. माझ्याबाबतही हे बोलणे घरात निघाले होते. आजी म्हणाली, "पोरगी माझ्यापाशी राहील, तुम्ही जा." आई-अण्णा फडावर गेले की मी आजीजवळ राहिले, म्हणून आज बी. ए. च्या वर्गात आहे. ज्यांना आजी नसते त्यांच्यासाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे नीट चालणे किती आवश्यक आहे, हे यावरून समजावे.

शहरातला कोयता

अलीकडे कोयता हा शब्द शहरी वर्तमानपत्रांतही येऊ लागला आहे, पण वेगळ्या कारणाने. २०२३ च्या सुमारास पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द रोजचा झाला. त्यामुळे कोयता म्हटले की शहरातल्या वाचकाच्या मनात गुन्हेगार उभा राहतो. कायदा मात्र याबाबत अधिक समंजस आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. पाते तेच असते. ते कशासाठी घडविले आणि कोणत्या हेतूने हातात घेतले, यावरून त्याचे अवजार ठरते किंवा शस्त्र ठरते. शहरातल्या कुणी हा शब्द आम्हाला उद्देशून हसत उच्चारला, तर त्याच्या चहातली साखर कोणत्या कोयत्याने आली हे त्याला शांतपणे सांगावे.

ऊस तोडणारी मोठी यंत्रेही आता फडांत दिसतात. ती वाढतील. कंबर मोडणारे हे काम कमी व्हावे असे कोणत्याही ऊसतोड कामगाराच्या मुलाला वाटेल. परंतु यंत्र आले म्हणजे काम गेले, आणि ज्यांची नोंदच नाही त्यांचे काम गेल्याचीही नोंद होणार नाही. म्हणून नोंद आधी व्हायला हवी. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालेले आहे, आणि ग्रामसेवकामार्फत कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याची योजना आहे. ओळखपत्र कोयत्याचे नसते, माणसाचे असते. त्यावर आईचे नाव, आईचे वय, आईचा फोटो असतो. ही गोष्ट मला दरवाढीइतकीच मोठी वाटते.

माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते. रस्ता झाडणे, झाडे लावणे ही कामे चांगलीच आहेत. पण एक वर्ष आपण दिवाळीआधी, माणसे गावात असतानाच, आष्टी आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर घरोघरी जाऊन ऊसतोड कामगारांची यादी करावी. कुणाचे ओळखपत्र झाले, कुणाचे राहिले, हे लिहावे आणि ग्रामसेवकाकडे पाठपुरावा करावा. अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन केल्यास त्यातून आपल्या परिसराचा एक चांगला अभ्यासही होईल. त्या यादीत 'कोयते किती' असा रकाना ठेवू नये. नाव, वय आणि काम असे रकाने ठेवावेत, आणि प्रत्येक घरात निदान दोन ओळी भराव्यात.